कानात बोळे, तोंडात मूग

‘आपोआप’ या शब्दावर डोंबिवलीकरानं विश्वास ठेवावा, हेच मुळात नवल. इथे पाणी आपोआप येत नाही, त्याची वेळ असते. रिक्षा आपोआप मिळत नाही, तिची रांग असते. आपोआप होणारी गोष्ट एकच, सकाळच्या लोकलमध्ये चढणं, आणि तीही मागच्या मंडळींच्या कृपेनं. अशा गावात सध्या एक सल्ला बिनदिक्कत फिरतो आहे: परदेशी भाषा शिकायचीय ना, मग त्या भाषेतली गाणी ऐका, शब्द आपोआप डोक्यात बसतात.

बसतात, खरंच बसतात. वेळेला उठत नाहीत, एवढीच अडचण आहे.

आधी शिकणारे कोण ते बघू. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही स्टेशनबाहेर पडा, पोळीभाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक पाटी दिसते आणि तिच्यावर जर्मन, जपानी, फ्रेंच यांपैकी काहीतरी असतं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात 10,000 जणांना पाठवायचं ठरलं. तेव्हापासून नर्सिंग झालेले, आयटीआय झालेले आणि अजून काहीच न झालेले, अशा सगळ्यांच्या घरी जर्मन मुळाक्षरं पोहोचली आहेत. त्यांच्या शेजारच्या बाकावर लग्न ठरलेल्या मुली. नवरा तिकडे, आणि तिकडच्या कायद्यानं 2007 पासून बऱ्याच जोडीदारांना व्हिसाआधी ‘ए-वन’ पातळीचं प्रमाणपत्र सक्तीचं केलेलं. म्हणजे पत्रिका जुळली, साखरपुडा झाला, हॉलसुद्धा मिळाला (डोंबिवलीत खरी कठीण परीक्षा हीच), आणि संसार अडला कुठे, तर जर्मन क्रियापद वाक्यात कुठे ठेवायचं तिथे. अकरावीला जर्मन घेणारे आणखी वेगळे. त्यांना जर्मनीशी, जर्मनांशी आणि जर्मनशी काही देणंघेणं नसतं. मराठीपेक्षा मार्क बरे पडतात, एवढाच तो जिव्हाळा. शिवाय पलावापासून घोडबंदर रोडपर्यंतच्या मुली कोरियन शिकतात, कारण बीटीएस, आणि त्यांचे भाऊ जपानी शिकतात, कारण अ‍ॅनिमे. यांना कुठेही जायचं नसतं, म्हणून तेच सगळ्यांत मनापासून शिकतात.

या सगळ्यांना गाण्यांचा सल्ला मिळालेला असतो. सल्ला देणारा बहुधा आतेभाऊ असतो, तो कॅनडात असतो, आणि तिथे त्याचं इंग्रजीवर भागतं.

आता हिशेब मांडू. ‘ए-वन’साठी सुमारे 650 शब्दांची यादी ग्योटे इन्स्टिट्यूट फुकट देतं. यादी वाचली की जर्मन माणसाविषयी आदर वाटू लागतो. तिच्यात घरभाडं आहे, पत्ता आहे, तिकीट आहे, डॉक्टरची वेळ आहे, भावंडं आहेत, बटाटे आहेत. आणि गाण्यात काय असतं? काळीज, रात्र, आसवं, आग आणि ‘सदैव’. काळीज तुटल्याची बातमी गाण्यात दर कडव्याला येते. नळ तुटल्याची एकदाही येत नाही. आणि स्टुटगार्टला घरमालकाला रात्री अकरा वाजता फोन करावा लागतो तो काळजासाठी नाही.

याचा अनुभव आपल्याला जुना आहे. 1964 च्या ‘संगम’मध्ये विवियन लोबोनं गायलेल्या एका गाण्यात प्रेमाची कबुली जर्मनसकट तीन-चार भाषांत दिली आहे. तेवढ्या पुंजीवर महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी जर्मन जाणते. आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेले काका नातीच्या क्लासची बातमी लागताच ते तीन शब्द म्हणून दाखवतात, आणि काकू काही न बोलता आत जातात. पुढे 1966 च्या ‘लव्ह इन टोकियो’नं जपानीत निरोप घ्यायला शिकवलं, जपानीत नमस्कार कसा करतात ते राहूनच गेलं. थोडक्यात, हिंदी सिनेमाच्या भरवशावर निघालेला माणूस जर्मनीत उतरल्याबरोबर प्रेम करू शकतो आणि जपानमधून निघताना निरोप घेऊ शकतो. मधल्या काळात तो उपाशी राहतो.

परदेशी कशाला, शेजारच्या कन्नडचं घ्या. पुरंदरदासांची लक्ष्मीला घरी बोलावणारी रचना भीमसेन जोशींनी मराठी घराघरांत पोहोचवली. शुक्रवारी ती लावणारी कितीतरी घरं ठाण्यात आहेत, आणि त्यातल्या काहींना ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. हुबळी स्टेशनावर उतरल्यावर त्यांना लक्ष्मीला हाक मारता येते. हमालाला येत नाही.

गाणारा म्हणजे भाषा जाणणारा, हाही असाच एक भाबडा समज. 2017 च्या एप्रिलमध्ये जस्टिन बीबरनं ‘देस्पासितो’ या स्पॅनिश गाण्याच्या नव्या आवृत्तीत आपला आवाज घातला आणि ते गाणं अमेरिकेत 16 आठवडे पहिल्या नंबरवर बसलं. मे महिन्यात तो आपल्याकडे नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येऊन गेला. हजारोंची तिकिटं काढलेली मंडळी ‘नुसते ओठ हलवत होता’ म्हणून बोंबलत परतली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या एका क्लबात त्याच्यावर हेच स्पॅनिश गाणं प्रत्यक्ष गायची वेळ आली, तेव्हा शब्द आठवेनात. मग त्यानं रिकाम्या जागी ‘बरिटो’ आणि ‘डोरिटो’ हे खाद्यपदार्थ भरले. जगाला स्पॅनिश शिकवायला निघालेल्या गाण्याच्या गायकाची ही तयारी. आपली पोरं तर नुसती ऐकत होती.

त्याहून जुना किस्सा क्यू साकामोटोचा. 1961 चं त्याचं जपानी गाणं, डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं. ते 1963 मध्ये अमेरिकेत तीन आठवडे अव्वल होतं. मूळ नाव जिभेवर वळेना म्हणून पाश्चात्त्य कंपन्यांनी त्याचं बारसं ‘सुकियाकी’ असं केलं. सुकियाकी हा गोमांसाचा रस्सा आहे; गाण्यात ना मांस, ना रस्सा. आपलं एखादं विरहगीत परदेशात ‘कोथिंबीर वडी’ नावानं विकावं, तसा प्रकार. लाखोंनी गुणगुणलं आणि जपानी भाषेतला नेमका एक शब्द शिकले, तोही गाण्यात नसलेला.

बाजू पालटून बघा, म्हणजे प्रकरणाची गंमत कळेल. समजा, म्युनिकचा कुणी सज्जन गृहस्थ मराठी शिकायला निघाला आणि कुणीतरी त्याच्या हाती नाट्यसंगीत ठेवलं. किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ 1882 चं. त्यानं ते मन लावून पाठ केलं आणि एके दिवशी डोंबिवली पूर्वेला शेअर रिक्षाच्या रांगेत येऊन उभा राहिला. त्याचा नंबर लागला.

“हे सारथ्या, मजला सत्वर गृहासी ने.”

“पुढे बसा. एक सीट.”

इथे त्याचं मराठी संपलं. मागे तिघं बसलेले, पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून अर्धी मांडी टेकवायची, पाय बाहेर पण गुडघा आत, या आसनाचं वर्णन अण्णासाहेब किर्लोस्करांनी कुठेही केलेलं नाही. उतरताना चालक म्हणतो, “सुटे द्या.” गृहस्थाला वाटतं, भवबंधनातून सुटण्याविषयी चाललंय, तो हात जोडतो. मागचे तिघं ओरडतात. लावणीतून शिकला असता तर आणखी बिकट: पानपट्टीवाल्याशी बोलताना मुरका मारला असता. भावगीतांतून शिकला असता तर दूध आणायला गेला तरी वाक्यात चंद्र आला असता. आपण त्याला हसू. आणि दोन वर्षं कोरियन प्रेमगीतांवर वाढलेली आपली मुलगी सोलच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभी राहून नेमकं हेच करेल, याची आपल्याला कल्पनाही नसते.

शब्द डोक्यात बसण्याची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. चालीत बसलेला शब्द एकटा उठत नाही, तो रांगेतच उभा असतो. पाढे घ्या. जुन्या शाळांत तीसपर्यंतचे पाढे, पावकी, अडीचकी सगळं चालीवर म्हणवून घेत. ज्यांनी म्हटलं त्यांना साठ वर्षांनीही येतं, यात वाद नाही. पण त्यांना मध्येच विचारा, सतरा सक किती? ओठ हलायला लागतात. ते सतरा एके सतरापासून निघतात, पाच घरं पार करून सहाव्यावर येतात आणि मग विजयी मुद्रेनं एकशे दोन म्हणतात. इंग्रजी मुळाक्षरांच्या चालीत तर आमच्या शिशुवर्गानं ‘एलेमेनोपी’ नावाचं एक स्वतंत्र अक्षरच जन्माला घातलं आहे.

‘ए-वन’च्या तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची असते आणि विचारलं तर नावातली अक्षरं सुटी सुटी सांगायची असतात. जर्मन मुळाक्षरं गाण्यावर शिकलेली एखादी नवी सहस्रबुद्धे समोर बसली आहे, अशी कल्पना करा. रोमन लिपीत तेरा अक्षरं. पहिलं ‘एस’, म्हणजे ‘आ’पासून गात गात ‘एस’पर्यंत. मग परत सुरुवातीला जाऊन ‘आ’. मग ‘हा’. ‘एच’ला जर्मनमध्ये ‘हा’ म्हणतात, त्यामुळे परीक्षकाला वाटतं बाई नुसत्याच हसतायत. जोशींच्या सुना या परीक्षेत का पुढे जातात, ते यावरून कळावं.

आणि चाल जशी बरोबर शब्द घट्ट बसवते तशीच चुकीचाही बसवते. तिला शुद्धलेखन कळत नाही. गणपतीच्या आरतीचंच बघा. कमरेला नागाचा पट्टा बांधलेला देव आहे, असं रामदासांनी एका सुंदर सामासिक शब्दात सांगितलं. निम्म्या महाराष्ट्रानं त्या देवाला फळीवर नेऊन बसवलं आणि वंदना केली. संकटात पाव म्हणून केलेली विनवणी संकष्टीला पाव अशी झाली, म्हणजे महिन्यातून एकदाच, आणि तीही चंद्रोदयानंतर. ही आरती तुम्ही-आम्ही जन्मभर, टाळ्या वाजवत, मातृभाषेत म्हणत आलोय. दरवर्षी भाद्रपदात कुणीतरी शुद्ध आरतीचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो, सगळे अंगठा दाखवतात, आणि संध्याकाळी देव परत फळीवर.

इंग्रजीत अशा चुकांना नावसुद्धा आहे. सिल्व्हिया राइट या लेखिकेनं 1954 मध्ये लिहिलं, की लहानपणी ऐकलेल्या एका स्कॉटिश पोवाड्यात सरदाराला मारून हिरवळीवर टाकतात, पण तिला ऐकू आलं की त्याच्याबरोबर लेडी मॉण्डेग्रीन नावाची एक बाईही मेली. तिला त्या बाईचं फार वाईट वाटायचं. तेव्हापासून अशा ऐकीव चुकांना ‘मॉण्डेग्रीन’ म्हणतात. आपल्याकडे फळीवरचा देव म्हणायला हरकत नाही.

एवढं सगळं झोडपल्यावर आता उलटं सांगायला हवं, कारण सल्ल्यात तथ्य आहे. एडिंबरो विद्यापीठात कॅरन लुडके आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो 2014 मध्ये ‘मेमरी अँड कॉग्निशन’ या नियतकालिकात आला. साठ प्रौढ माणसं, हंगेरियनचा गंध नसलेली. त्यांना पंधरा मिनिटं हंगेरियन वाक्यं ऐकवून म्हणायला लावली: काहींना साधी बोलून, काहींना ठेक्यात बोलून आणि काहींना गाऊन. त्यानंतरच्या चाचण्यांत, विशेषतः हंगेरियन वाक्यं स्वतः म्हणून दाखवण्यात, गाणारे पुढे निघाले. हंगेरियनसारख्या भाषेत, जिथे उच्चारताना दातसुद्धा बावचळतात.

पण प्रयोगातली गोम कुणी वाचत नाही. ती माणसं गात होती. प्रत्येक वाक्य ऐकलं की तोंड उघडून म्हणत होती. हेडफोन लावून खिडकीबाहेर मुंब्र्याचा डोंगर बघत बसलेली नव्हती.

आमच्या लोकलमध्ये बरोबर उलटं चाललेलं असतं. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत सकाळी शंभर माणसांच्या कानात बोळे असतात. कुणाच्या कानात कोरिया, कुणाच्या कानात कोलंबिया. तोंडं सगळ्यांची बंद, मूग गिळल्यासारखी. कांजुरमार्गला कुणाचे तरी ओठ किंचित हलतात, लगेच समोरचा बघतो, ओठ थांबतात. दीड तास जाऊन-येऊन भाषा कानात ओतली जाते आणि एक थेंब बाहेर येत नाही. घरी आल्यावर गावं म्हटलं तर भिंतीपलीकडे बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष. गच्चीवर जावं तर सोसायटीची नोटीस. उरलं न्हाणीघर, तिथे पाणी जायच्या आत उरकायचं असतं.

त्याच गाडीत, दोन डबे सोडून, माणसं घसा फोडून गात असतात. भजनी मंडळ. खिशातून टाळ निघतात, कुणाची तरी ब्रीफकेस मृदंगाचं काम करते, आणि कल्याणपासून भायखळ्यापर्यंत ज्ञानेश्वर, तुकाराम, एकनाथ एका दमात होतात. दसऱ्याला डब्याला तोरणं लागतात, प्रसाद वाटला जातो. ज्यांना जागा मिळत नाही ते कुरकुरतात, तक्रारीही होतात, त्याही रास्त असतात. पण भाषाशिक्षणाच्या दृष्टीनं या डब्याला तोड नाही. इथे नवा माणूस आला की पहिले आठ दिवस शेवटचा शब्द ओढतो, पंधरवड्यात ध्रुपद उचलतो, पावसाळा संपेपर्यंत कडवी त्याच्या तोंडात आलेली असतात. तेराव्या शतकातलं मराठी, जे वर्गात बसवून शिकवायला गेलं तर एम.ए.ची पोरं पळतात, ते इथे दादरला उतरणाऱ्या कारकुनाच्या जिभेवर बसतं. अशा डब्यांत उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे प्रवासीही उभे असतात आणि हळूहळू त्यांचेही विठ्ठलाचे ‘ठ’ नीट ठणठणीत येऊ लागतात. मोठ्यानं गाण्याचा फायदा असा, की चुकलं तर शेजारचा ऐकतो आणि कोपरानं सुधारतो. कानातल्या कोरियन पोराला तुमचं काय चुकलं याचा पत्ताच नसतो.

लोकलचाच आणखी एक किस्सा, आणि तो खुद्द लता मंगेशकरांनी सांगितलेला. सुरुवातीच्या दिवसांत संगीतकार अनिल विश्वास यांच्याबरोबर त्या लोकलनं जात होत्या, गाडीत दिलीपकुमार भेटले. मुलगी मराठी आहे म्हटल्यावर त्यांनी शंका काढली, की मराठी गाणाऱ्यांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. लताबाईंनी काय केलं? उर्दू गाणी आणखी ऐकत बसल्या नाहीत. एका मौलवींची शिकवणी लावली आणि उच्चार घासूनपुसून घेतले. जिच्या गाण्यांवरून पुढे निम्मा देश उर्दू शब्द शिकला, ती स्वतः उर्दू शिकवणीत शिकली. आतेभावाला हे पाठवून द्यायला हरकत नाही.

आणि गाण्याची चाल लावून तीन भाषा शिकवणारी सगळ्यांत यशस्वी संस्था कुठली म्हणाल, तर मध्य रेल्वे. तिचं श्रेय तिला कुणी दिलेलं नाही. पुढील स्टेशन, मग तेच हिंदीत, मग तेच इंग्रजीत. तोच क्रम, तीच लकब, दर तीन-चार मिनिटांनी, रोज दोन वेळा, तीस-तीस वर्षं. फलाटावर सरला चौधरींच्या आवाजातल्या उद्घोषणांची सर्वांना इतकी सवय झालेली, की शब्द कानावर येण्याआधी सुरावरूनच कळायचं, गाडी रद्द आहे. बोलताना सगळे ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात, पण ‘फलाट’ आणि ‘पायदान’ कुणाला येत नाहीत, असा मुंबईकर दाखवा. गोरखपूरहून आलेला माणूस महिनाभरात मराठी आकडे शिकतो ते या आवाजावर, कारण चुकला तर कर्जत गाडीत बसून कसाऱ्याचं स्वप्न बघावं लागतं. शब्द पाठ होण्यासाठी चालीपेक्षा ही धास्ती जास्त उपयोगी पडते.

आता विरोधाभास बघा. ‘ए-वन’च्या श्रवण परीक्षेत एक भाग उद्घोषणांचाच असतो, आणि तो एकदाच ऐकवतात. गाडी उशिरा येणार, फलाट बदलला, प्रवाशांनी याची नोंद घ्यावी, अशा थाटाचा मजकूर. जगात या विषयावर डोंबिवलीकराहून जास्त अधिकार कुणाचा? अर्धवट ऐकलेल्या घोषणेवरून धीमी की जलद, बारा डबा की पंधरा, चार नंबर की पाच, हे ओळखून जिन्यावरून उलटा धावणारा हा प्राणी. जर्मनीतल्या गाड्याही आता पूर्वीसारख्या वेळेवर येत नाहीत, तेव्हा सरावही वाया जायचा नाही. पण आपल्या क्लासातली पोरं घरी बसून प्रेमगीतांतल्या आसवांची भाषांतरं करतात, आणि ‘गाडी दहा मिनिटं उशिरा’ या जर्मन वाक्याला परीक्षेत दांडी गुल.

तोंडी परीक्षेत छंदही विचारतात. यादीतला सोपा शब्द म्हणून बहुतेक जण ‘गाणं’ असं सांगतात. परीक्षक भले लोक असतात, गाऊन दाखवा म्हणत नाहीत.

राहता राहिली या भागाची मूळ भाषा. ज्या जमिनीवर आमचे टॉवर उभे आहेत ती नांदिवली, आयरे, भोपर, सोनारपाडा, काटई ही आगऱ्यांची गावं. तिथल्या लग्नांत धवलारणी बसून धवळे म्हणतात. लग्नाचा एकेक विधी गाण्यात ओवलेला, कागदावर न उतरवता बायकांनी बायकांना दिलेला. एक म्हणते, बाकीच्या उचलतात, पोरी मागे बसून ओढतात. एडिंबरोला जे साठ जणांवर तपासून बघितलं, ते इथे ओटीवर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. हल्ली धवलारणी कमी झाल्या आणि हळदीला डीजे आला, हे खरं. पण आयस, बापूस, दादूस हे शब्द कोल्हापूर-साताऱ्याहून येऊन इथे फ्लॅट घेतलेल्या माणसाला माहीत झाले ते त्याच स्पीकरमधून. भाजीवाल्या मावशीशी बोलून झाले असते तर बरं, पण तिच्याशी तो हिंदीत बोलतो.

गेल्या मोसमात अशाच एका गावाला लागून असलेल्या संकुलानं हळदीच्या आवाजाची तक्रार पोलिसांत दिली. रात्री दहानंतर वाजलं असेल तर कायदा तक्रारदाराच्या बाजूनं आहे, त्याबद्दल बोलायचं काम नाही. अर्ज पाहण्यात आला. सह्या करणाऱ्यांत दोन घरं जर्मनची, एक कोरियनचं. अर्जात लिहिलं होतं, की सदर गीतांचे बोल आम्हांस समजत नाहीत, सबब मुलांच्या परकीय भाषांच्या अभ्यासात व्यत्यय येतो.